चांगल्या घरचा अँप्लिफायर

अमेरिकेतल्या कुठल्याही शहराच्या छोट्या जाहिराती चाळल्या, तर जुना घरगुती ऑर्गन फुकट द्यायला काढलेला हमखास सापडतो. अट एकच असते: उचलून तुम्ही न्यायचा. ही अट वाटते तितकी सौम्य नाही. हॅमंड कंपनीचा एम-३ हा त्यातल्या त्यात आटोपशीर, दिवाणखान्यात भिंतीला लावून ठेवायचा ऑर्गन. तोही शंभर किलोंच्या वर भरतो. मोठा बी-३ बाक आणि पायपट्ट्यांसकट १९० किलोंच्या घरात जातो. आजीने हौसेने घेतलेलं हे लाकडी धूड नातवंडांना नको असतं, शेजारच्या चर्चला नको असतं, शाळेलाही नको असतं. ते न्यायला जे येतात त्यांच्यापैकी काहींना तर ऑर्गनच नको असतो. त्यांचा डोळा असतो मागची फळी काढल्यावर दिसणाऱ्या, धुळीने माखलेल्या पोलादी चासीवर. तिच्यावर दोन जडशीळ ट्रान्सफॉर्मर आणि काचेच्या व्हॉल्व्हची रांग असते. तिचा त्यांना गिटारचा अँप्लिफायर करायचा असतो.

आपल्याकडे संगीत नाटकात रंगमंचापुढे वाजायचा तो ऑर्गन वेगळा. पायाने भाता मारायचा, वाऱ्याने पितळी रीड थरथरायच्या, आणि नाट्यगृह भरायला तेवढं पुरायचं. त्याला विजेची गरज नव्हती. इथला ऑर्गन जन्मापासून विजेचा आहे, आणि अँप्लिफायरशिवाय मुका.

लॉरेन्स हॅमंड (१८९५–१९७३) हे शिकागोचे इंजिनिअर, आणि त्यांचा मूळ धंदा घड्याळांचा. अमेरिकेतला वीजप्रवाह सेकंदाला साठ आवर्तनं करतो. त्या ठेक्याला धरून अचूक फिरणारी सिंक्रोनस मोटर हे त्यांच्या घड्याळाचं मर्म होतं. मंदीत घड्याळं खपेनात, तेव्हा त्यांनी पत्ते आपोआप पिसून वाटणारं ब्रिजचं टेबल काढून पाहिलं, आणि पुढे तीच मोटर वाद्याला जुंपली. कडेला उंचवटे असलेल्या छोट्या पोलादी चकत्या चुंबकासमोर फिरवायच्या. चुंबकाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यात बारीकशी वीज उमटते, आणि ती जितक्या वेगाने खालीवर होते तितका सूर उंच. या कल्पनेचं पेटंट १९३४ सालचं, आणि वाद्य लोकांसमोर आलं १९३५ मध्ये. हॅमंडना स्वतःला ऑर्गन वाजवता येत नव्हता. कदाचित म्हणूनच त्यांनी वाद्याकडे यंत्र म्हणून इतक्या निर्विकारपणे पाहिलं असावं.

गिऱ्हाईक होतं ते पाइप ऑर्गन न परवडणारं चर्च. दुसऱ्या महायुद्धानंतर मध्यमवर्गीय दिवाणखानेही आले, आणि त्यांच्यासाठी ४४-४४ पट्ट्यांच्या दोन रांगा आणि १२ पायपट्ट्या असलेला एम-३ (१९५५ ते १९६४). बॉल्डविन, वुर्लिट्झर, लाउरी, कॉन, थॉमस या कंपन्याही त्याच बाजारात उतरल्या. पुढे ट्रान्झिस्टर आले, मग कीबोर्ड काखेत मारून नेता येऊ लागले आणि हा सगळा बाजार बसला. चकत्यांचे ऑर्गन बनवणं हॅमंडने १९७०च्या दशकाच्या मध्यात थांबवलं. राहिली ती घराघरांत अडकून पडलेली लाकडी कपाटं.

त्या कपाटातला अँप्लिफायर गिटारवाल्याला का हवा, याचं उत्तर ट्रान्सफॉर्मरच्या वजनात आहे. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर ती सेकंदाला ८२ वेळा कंप पावते. मोठ्या हॅमंडचा सर्वांत खर्जातला सूर ३३च्या आसपास असतो. सूर जितका खालचा, तितका तो पार करायला ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात लोखंड जास्त लागतं. कंपनं निम्मी झाली की त्याच व्होल्टेजला गाभ्यावरचा चुंबकीय भार दुप्पट होतो. त्यात गिटारची तार छेडली की तिचा आवाज लगेच ओसरू लागतो, तर ऑर्गनची पट्टी दाबून धरली की सूर तसाच भरभक्कम उभा राहतो. पाद्रीबुवांची प्रार्थना लांबली तर मिनिटभर, दोन मिनिटं. म्हणजे ऑर्गनच्या अँप्लिफायरला दम खायला फुरसत नाही. त्याला अखंड कामाच्या हिशेबानेच घडवावं लागतं, आणि ऑर्गन ही मुळात महागडी वस्तू असल्यामुळे कारखानदाराला त्यात लोखंड आणि तांबं घालायला परवडायचं. गिटारचे स्वस्त अँप्लिफायर बनवणाऱ्याला ते परवडत नव्हतं. पंधरा वॅटचा गिटार-अँप उचलायची सवय असलेल्या माणसाने ऑर्गनची तेवढ्याच ताकदीची चासी उचलली, तर फरक कोपराला कळतो.

दुसरा गुण मात्र गिटारवाल्याच्या दृष्टीने अवगुणच. ऑर्गनवर दोन्ही हातांनी आणि पायांनी एका वेळी दहाएक सूर वाजतात. अँप्लिफायरने त्यांत जरा जरी स्वतःची भर घातली, तर प्रत्येक सूर दुसऱ्याशी भांडून नको ते सूर जन्माला घालतो आणि सगळ्याचा लगदा होतो. म्हणून ऑर्गनच्या इंजिनिअरांनी आवाज निर्मळ ठेवायचा चंग बांधला होता. त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे निगेटिव्ह फीडबॅक: स्पीकरकडे जाणाऱ्या आवाजातला थोडा भाग उलटा करून आधीच्या टप्प्यात परत सोडायचा, म्हणजे वाटेत झालेली विकृती बरीचशी स्वतःच खोडली जाते. अँप्लिफायर शिस्तीत राहतो, ताकदीची मर्यादा येईपर्यंत चेहरा बदलत नाही.

गिटारवाल्याला नेमका चेहरा बदललेलाच हवा असतो. हलक्या हाताने छेडलं तर स्वच्छ, जोरात मारलं तर किंचित फाटलेला, आणि या दोहोंमध्ये कुठेतरी आवाजाला येणारी ती दाटी: हे सगळं व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर त्यांच्या मर्यादेला टेकल्यावरच मिळतं. म्हणून हे रूपांतर म्हणजे चांगल्या घरच्या मुलाला चार वाईट सवयी लावण्यासारखं आहे. बाहेरून आणून जोडायचं थोडं असतं. मोठं काम आहे ते आधीच्या इंजिनिअरने काळजीपूर्वक घातलेलं वळण मोडण्याचं, आणि ते मोडताना त्याच्या लोखंडाला धक्का न लावण्याचं.

उलट दिशेने गेलेला माणूसही आहे. डीप पर्पल या रॉक बँडचा जॉन लॉर्ड आपला हॅमंड गिटारच्या मार्शल अँप्लिफायरला जोडून वाजवायचा. ऑर्गनच्या इंजिनिअरांनी ज्याची भीती बाळगली, तोच लगदा त्याने शैली म्हणून स्वीकारला.

आणि तसं पाहिलं तर ऑर्गनवाले आणि गिटारवाले यांची सोयरीक जुनीच आहे. इंग्लंडमध्ये डार्टफर्डला टॉम जेनिंग्जची जेनिंग्ज ऑर्गन कंपनी होती. युद्धकाळात विकर्सच्या कारखान्यात भेटलेला डिक डेनी हा गिटार वाजवणारा तंत्रज्ञ पुढे जेनिंग्जकडे आला. त्याने रचलेला एसी१५ हा अँप्लिफायर १९५८ साली ‘व्हॉक्स’ नावाने बाजारात आला, आणि त्याचा थोरला भाऊ एसी३० तर साठच्या दशकातल्या ब्रिटिश गिटारचा आवाजच होऊन बसला. ईएल८४ नावाचे सडपातळ व्हॉल्व्ह, आणि गंमत म्हणजे निगेटिव्ह फीडबॅक अजिबात नाही. ऑर्गनवाल्यांच्याच घरात कोणीतरी शिस्तीचा दोर कापला होता.

गिटारच्या अँप्लिफायरमधला स्प्रिंगचा रिव्हर्ब हीही ऑर्गनचीच देणगी. चर्चमध्ये घुमणारा ऑर्गन गालिचे-पडदेवाल्या दिवाणखान्यात आला की कोरडा वाटे. हॅमंडने त्यावर स्प्रिंगांचा उपाय काढला: सूर स्प्रिंगच्या एका टोकाला सोडायचा, दुसऱ्या टोकाला तो उशिरा आणि मागेपुढे आपटत पोहोचतो, आणि खोली मोठी असल्याचा भास होतो. आधी हे यंत्र माणसाच्या छातीइतकं उंच होतं. १९६०च्या सुमारास ते चपट्या पत्र्याच्या ट्रेमध्ये मावू लागलं. गिटारचे अँप्लिफायर बनवणाऱ्या फेंडर कंपनीने ते विकत घेतलं. १९६१ मध्ये त्याची वेगळी पेटी काढली आणि १९६३च्या व्हायब्रोव्हर्बमध्ये ते अँप्लिफायरच्या आतच बसवलं. वा-वा पेडल तर थेट कॅलिफोर्नियातल्या थॉमस ऑर्गन कंपनीत जन्मलं. १९६६ मध्ये ब्रॅड प्लंकेट हा तिथला तरुण इंजिनिअर व्हॉक्स अँप्लिफायरच्या एका सर्किटवर काम करत होता. ते सर्किट ऑर्गनच्या आवाज कमीजास्त करायच्या पायपेडलात घातलं आणि गिटार बोलायला लागली. तेव्हा ऑर्गनच्या पोटातून गिटारचा अँप्लिफायर काढणारे लोक काही विपरीत करत आहेत असं मला वाटत नाही.

आता प्रत्यक्ष काम. एम-३ मधली चासी एओ-२९ या क्रमांकाने ओळखली जाते, आणि रूपांतर करणाऱ्यांत ती लाडकी आहे. शेवटच्या टप्प्यात ६व्ही६ जातीच्या व्हॉल्व्हची जोडी, एसीचं डीसी करायला ५यू४ हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह, आणि मध्ये ऑर्गनच्या खास कामांचे लहान व्हॉल्व्ह. हे ऐकताच गिटारवाल्याचे कान टवकारतात, कारण ६व्ही६ची जोडी म्हणजे फेंडर डिलक्स. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात बनलेला डिलक्सचा ५ई३ नमुना हा आजवर सर्वाधिक नकला झालेल्या सर्किटांपैकी एक: दोन लहान व्हॉल्व्ह, दोन ६व्ही६, एक रेक्टिफायर, बारा-पंधरा वॅट. म्हणजे अर्धा डिलक्स आधीच त्या कपाटात बसलेला आहे.

सर्वांत आधी जे करायचं नाही ते: चासी बाहेर काढून, उत्सुकतेपोटी वायर सॉकेटमध्ये खुपसणं. चाळीस-पन्नास वर्षं पडून राहिलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून वाळलेले असतात. वीज मिळताच ते शॉर्ट होतात, रेक्टिफायरला आणि वेळ आली तर पॉवर ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातात. ज्या लोखंडासाठी एवढा खटाटोप, तेच जळून जातं. आपल्याकडचा प्रत्येक वायरमन जो सिरीज बोर्ड वापरतो, तोच इथे देवासारखा उपयोगी पडतो. यंत्राच्या मार्गात साधा पिवळा बल्ब घालायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि सगळा भार स्वतः घेतो. सगळं ठीक असेल तर क्षणभर पेटून मंदावतो. अमेरिकेतले हौशी लोक हेच उपकरण लाकडाच्या फळीवर मोठ्या कौतुकाने बनवतात.

दुसरी गोष्ट जिवाची. या चासीत तीनशे ते चारशे व्होल्ट डीसी असतं, आणि ते वायर काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये दबा धरून बसतं. ते रझिस्टरमधून सावकाश सोडून द्यायचं, मीटर लावून खात्री करायची, मगच हात घालायचा, आणि तरीही शक्यतो एकच हात. जुन्या अमेरिकन यंत्रांत आणखी एक सापळा असतो: दोन पिनांची वायर, आणि बऱ्याचदा मेनच्या एका तारेपासून चासीपर्यंत जोडलेला कपॅसिटर. तो खराब झाला तर आख्खी चासी जिवंत होते. ऑर्गनच्या लाकडी कपाटात ते कदाचित खपून गेलं असेल. गिटारमध्ये मात्र चासी तारेच्या जाळीमार्फत थेट वाजवणाऱ्याच्या बोटांना जोडलेली असते, आणि समोर अर्थ केलेला माइक असतो. म्हणून तो कपॅसिटर काढून टाकायचा, तीन पिनांची वायर आणि फ्यूज घालायचा. यात मतभेदाला जागा नाही.

मतभेद सुरू होतात त्यानंतर. एक पंथ म्हणतो, जितकं जुनं ठेवता येईल तितकं ठेवा. फक्त कपॅसिटर बदला, वाटेत एखादा टप्पा वाढवा. दुसरा पंथ सगळं उपटून चासी नागडी करतो आणि नव्याने वायरिंग करतो. मी दुसऱ्या पंथाचा आहे. ऑर्गनच्या चासीत सुरांच्या सुरुवातीला टकटक आणणाऱ्या पर्कशनसाठी, व्हायब्रेटोसाठी, पायपेडलाच्या आवाजासाठी तारांचं जंगल असतं. त्यात वाट काढत गिटारचा नाजूक इनपुट नेला की घोंघावणं पाठ सोडत नाही, आणि ते कुठून येतं ते शोधण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात नवं वायरिंग दोनदा झालं असतं. जुने कार्बनचे रझिस्टर तसेही फुगलेले असतात. मेणकागदी कपॅसिटर डीसी गाळू लागलेले असतात, आणि ते डीसी ६व्ही६च्या ग्रिडवर पोहोचलं की व्हॉल्व्हची प्लेट अंधारात लाल दिसू लागते. ठेवायचे ते ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्हचे सॉकेट आणि पत्रा.

ट्रान्सफॉर्मरची ओळख पटवायची रीत सोपी आणि समाधान देणारी आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मर सर्किटमधून पूर्ण सोडवून घ्यायचा, त्याच्या स्पीकरकडच्या बाजूला एक व्होल्टच्या आसपास एसी द्यायचं आणि व्हॉल्व्हकडच्या दोन टोकांमध्ये किती येतं ते मोजायचं. समजा ३२ व्होल्ट आलं. वेढ्यांचं गुणोत्तर ३२, त्याचा वर्ग १,०२४. आठ ओहमचा स्पीकर लावला, तर व्हॉल्व्हना समोर दिसतील सुमारे ८,२०० ओहम. ६व्ही६च्या जोडीला आठ हजारांच्या आसपासच हवे असतात. म्हणजे स्पीकर कोणता लावायचा ते ठरलं. उत्तर चार हजार आलं तर स्पीकर सोळा ओहमचा घ्यायचा, की हिशेब पुन्हा जागेवर. कागद फाटलेला, रंग उडालेला, नावगाव नसलेला लोखंडाचा ठोकळा एका मोजमापात आपली कुंडली सांगतो, हे मला अजूनही आवडतं.

पुढचा हिशेब आवाज वाढवण्याचा. गिटारच्या पिकअपमधून येते ती व्होल्टच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासची वीज, आणि तीही अशक्त. तिच्यावर भार टाकला तर वरचे सूर मरतात. म्हणून जॅकनंतर दहा लाख ओहमचा रझिस्टर आणि मग १२एएक्स७ या लहान व्हॉल्व्हचा पहिला टप्पा. तो पन्नास-साठ पट वाढ देतो. पाच-सहा व्होल्ट झाले, पण आवाजाचा पोत ठरवणारं टोनचं सर्किट त्यातले बरेच खाऊन टाकतं, आणि ६व्ही६च्या ग्रिडला पुरेपूर हलवायला पंधरा-वीस व्होल्ट तरी हवेत. मग दुसरा टप्पा. त्यानंतर एका लाटेच्या दोन उलटसुलट लाटा करणारा फेज स्प्लिटर, कारण जोडीतला एक व्हॉल्व्ह ढकलतो तेव्हा दुसऱ्याने ओढायचं असतं. ऑर्गनचा अँप्लिफायर मोठा सिग्नल मिळेल या भरवशावर रचलेला असतो. त्याच्या तोंडात थेट गिटार खुपसली तर ती लांबून बोलल्यासारखी ऐकू येते, आणि नवखा माणूस उगाच व्हॉल्व्ह बदलत बसतो.

नव्या वायरिंगमध्येही फीडबॅकची तार मी थेट वगळायला सांगणार नाही. तिच्या मार्गात एक स्विच आणि एक पोटेंशिओमीटर घालावा. पूर्ण शिस्त, अर्धी शिस्त, बेशिस्त: तिन्ही आवाज एकाच यंत्रात ऐकायला मिळतात, आणि चांगलं लोखंड काय करतं तेही कळतं. शिस्तीत ठेवलेला हा अँप्लिफायर जाझ वाजवणाऱ्याला हवा तसा गोल, खालच्या तारांवर न डगमगणारा आवाज देतो. तो आवाज डिलक्सच्या नकलेत मिळत नाही. मोठा आउटपुट ट्रान्सफॉर्मर लवकर दमत नसल्यामुळे फाटलेला आवाजही डिलक्ससारखा लगेच चुरगळत नाही. काहींना हे खटकतं. मला तीच या चासीची खासियत वाटते. हुबेहूब डिलक्स हवा असेल तर डिलक्सचे ट्रान्सफॉर्मर आज नवे मिळतात. त्यासाठी ऑर्गन उघडायची गरज नाही.

इथे एक कमी बोलली जाणारी अडचण येते. ऑर्गनचा पॉवर ट्रान्सफॉर्मर अनेक व्हॉल्व्ह पोसायला बनवलेला. आपण निम्मे काढून टाकले की त्याच्यावरचा भार उतरतो आणि सगळी व्होल्टेज वर सरकतात. त्यातून चासीच्या पट्टीवर ११७ व्होल्ट छापलेलं असतं आणि आज अमेरिकन सॉकेटमध्ये १२० ते १२५ येतात. ६.३ व्होल्टच्या फिलामेंटला सात मिळू लागतात, आणि जुन्या माहितीपत्रकांत ३१५ व्होल्टची मर्यादा लिहिलेल्या ६व्ही६च्या प्लेटवर त्याहून बरंच जास्त चढतं. जुने व्हॉल्व्ह हे सोसतात, नव्या उत्पादनातले सगळे सोसतीलच असं नाही. उपाय आहेत: ५यू४ऐवजी ५वाय३ बसवला की तो स्वतःच जास्त व्होल्ट खातो आणि फिलामेंटचा करंटही तीनऐवजी दोन अँपिअर घेतो, ६.३च्या वाटेवर छोटा, जाड रझिस्टर घालता येतो. रिकाम्या झालेल्या सॉकेटांपैकी एकात ट्रेमोलोचा व्हॉल्व्ह बसवला तर भारही वाढतो आणि चासीच्या पत्र्यातलं भोकही सत्कारणी लागतं.

भोकांचा प्रश्न किरकोळ नाही. ऑर्गनच्या चासीला फोनो सॉकेट, बहुपिनी कनेक्टर, टर्मिनलच्या पट्ट्या यांसाठी नको तिथे छिद्रं असतात, आणि गिटारला लागणारे जॅक आणि नॉब एका रांगेत बसतील अशी जागा बहुधा नसते. पत्र्याची पट्टी ठोकून झाकायचं. दिसायला हे अँप्लिफायर क्वचितच सुंदर होतात. पेटी कोणी ऑर्गनच्याच लाकडाची करतो. ती कल्पना देखणी आहे, पण त्या फळ्या स्पीकरच्या दणक्याला खडखडतात, प्लायवूड बरं. ऑर्गनमधला बारा इंची स्पीकर वाया घालवू नये. तो गिटारच्या स्पीकरइतका कर्कश उठत नाही, आणि मंद आवाजात घरी वाजवणाऱ्याला त्याहून चांगला सोबती मिळणार नाही. जोरात वाजवायचं असेल तर मात्र वेगळा घ्यावा.

आता त्या ऑर्गनचं काय? एओ-२९ काढली की एम-३ कायमचा मुका होतो, कारण प्रीअँप्लिफायरही त्याच चासीवर असतो. आणि एम-३ म्हणजे काही अडगळ नव्हे. बुकर टी. अँड द एमजीज यांचं १९६२ सालचं ‘ग्रीन अनियन्स’ याच दिवाणखान्यातल्या ऑर्गनवर वाजवलेलं आहे. चकत्या फिरत असतील, तेल घातल्यावर मोटर धरत असेल, तर तो ऑर्गन फोडणं हा माझ्या मते शुद्ध अडाणीपणा आहे, मग तो फुकट का मिळेना. लेस्ली स्पीकरच्या बाबतीतही तेच. डोनाल्ड लेस्लीने हॅमंडसाठीच बनवलेला, आणि लॉरेन्स हॅमंडने नाकारलेला, फिरत्या कर्ण्याचा हा स्पीकर. त्याच्या १२२ नमुन्यातला ६५५०च्या जोडीचा चाळीस वॅटचा अँप्लिफायर गिटारवाल्यांना खुणावतो खरा. पण तो काढून गिटारला लावणं म्हणजे दोन वाद्यांचं नुकसान, कारण गिटार लेस्लीतूनच अप्रतिम वाजते. पाणी शिरलेले, उंदरांनी तारा कुरतडलेले, अर्ध्या पट्ट्या तुटलेले ऑर्गन हवे तेवढे आहेत. त्यांना हात लावावा. साठच्या दशकातल्या काही हॅमंडमध्ये मुख्य अँप्लिफायरखेरीज केवळ रिव्हर्बसाठी वेगळी छोटी चासी असते. ती उचलली तर ऑर्गन बोलत राहतो, फक्त त्याची घुम जाते. त्या चासीवर झोपायच्या खोलीत वाजवण्याजोगा अँप होतो. सुरुवात तिथून करणं शहाणपणाचं.

भारतात हे ऑर्गन मुळातच कमी आले, आणि अमेरिकेतून आणायचा म्हटला तर अडचण त्याच्या मोटरीतच आहे. इथल्या विजेची आवर्तनं सेकंदाला पन्नास. अमेरिकन हॅमंड नुसता स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून मुंबईत चालवला, तर सिंक्रोनस मोटर सहामागे पाच या हिशेबाने मंद फिरेल आणि आख्खं वाद्य तीन अर्धस्वर, म्हणजे हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या धरून तीन पट्ट्यांनी, खाली उतरेल. सफेद एक दाबा. ऐकू येईल ती खालच्या सप्तकातली सफेद सहा. अँप्लिफायरला मात्र सुराचं काही देणंघेणं नाही. एकट्या चासीला ११७ व्होल्ट मिळाले की ती वाजते. फक्त साठ आवर्तनांच्या बेताने कापलेला पॉवर ट्रान्सफॉर्मर पन्नासवर जास्त तापतो, तेव्हा व्होल्टेज थोडं कमी ठेवावं आणि दर अर्ध्या तासाने हात लावून पाहावा.

ज्यांना हीच कला इथेच करून पाहायची आहे, त्यांच्यासाठी कपाट वेगळं आहे. लग्नाच्या मांडवात, गणपतीच्या मंडळात, सभेत पूर्वी वापरले जाणारे व्हॉल्व्हचे जुने पब्लिक ॲड्रेस अँप्लिफायर ऑर्गनवाल्याच्याच तत्त्वावर घडलेले आहेत: तासन्‌तास चालायचं, भाषण स्वच्छ पोचवायचं, तापून पडायचं नाही. त्यांचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर लांबवरच्या कर्ण्यांसाठी शंभर व्होल्टची लाइन देतो, आणि बहुतेकांत शेजारीच आठ-सोळा ओहमचे स्क्रूही असतात. माइकचा टप्पा आधीच बसवलेला असल्यामुळे गिटारला लागणारी वाढ जवळपास तयारच मिळते. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले ईएल८४ अजूनही जुन्या साठ्यातून निघतात, आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कपॅसिटर, सॉकेट, वायर एका फेरीत मिळून जातात. मेनचा ट्रान्सफॉर्मर जळलेला असला तरी हरकत नाही. २३० व्होल्ट पन्नास आवर्तनांचा नवा गुंडाळून देणारे कारागीर मिळतात, त्यांना फक्त दुय्यम बाजूची व्होल्टेज आणि करंट लिहून द्यावे लागतात. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळला असेल तर मात्र ती पेटी घेऊ नये. एकावर एक चढवलेले त्याचे प्राथमिक-दुय्यम थर पुन्हा तसेच गुंडाळणं जिकिरीचं असतं. म्हणून विकत घेण्याआधी मीटर खिशात ठेवावा, व्हॉल्व्ह काढून आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या व्हॉल्व्हकडच्या दोन्ही अर्ध्या वेटोळ्यांचा रोध मोजावा. शंभर-दोनशे ओहम आणि दोन्ही बाजू जवळपास सारख्या आल्या, तर भाव करायला सुरुवात करावी.